धरणात सतरा जातींचे मासे आणि जाळं एकच. आधी कोणाचा विचार करायचा?

तापीकाठचा_पोऱ्या

राम राम मंडळी. आमची मच्छीमार सोसायटी आहे जळगाव जिल्ह्यात, धरणाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण अर्धे सभासद इथं वाचतात आणि उरलेल्या अर्ध्यांना वाचून दाखवतात. ठेका पाच वर्षांचा, त्यातलं दुसरं वर्ष चालू आहे. गेल्या सभेत मला सेक्रेटरी केलं, कारण वही लिहायला कोणी तयारच नव्हतं.

तर भानगड अशी आहे. आम्ही दरवर्षी कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली, म्हणजे लहान पिल्लं, सोडतो, पैसे सोसायटी भरते. पण जाळ्यात येतं ते वेगळंच. चिलापी ढिगानं, सायप्रिनस, मधूनच एखादा शिंगाळा, वाम, मरळ, लई नशीब असलं तर शिवडा. खवल्या आणि चालटासारखा बारीक मासा तर धरूच नका हिशोबात, आणि पावसाळा सरला की झिंगे. बोटावर मोजायला गेलो तर सतरापर्यंत गेलो नि बोटं संपली.

सभेत तीन तट पडले. एक म्हणतो पैसा कटल्याचा, तर नियम पण कटल्याचा, आस म्हणजे जाळ्याचं भोक मोठं करा. दुसरा म्हणतो कटला वर्षातून चार महिने, रोजची मीठ-मिरची चिलापीवर चालते, आस बारीक पाहिजे. तिसरी आमची म्हातारी मंडळी, ती म्हणतात शिवडा माणसाच्या मांडीएवढा निघायचा तो आता नातवंडांना दिसत पण नाही, आधी त्याला वाचवा. मग एक साहेब आले होते मार्गदर्शनाला, त्यांनी सांगितलं की सर्व प्रजातींचा समतोल विचार करा, चहा घेतला आणि गेले. आता सतरा जातींचा समतोल विचार मी कशानं करू, माझ्याकडे एक वही आहे, एक वजनकाटा आहे आणि कशावरच सही न करणारे अध्यक्ष आहेत.

जाळं एकच, त्यात सगळं येतं. तर कोणत्या जातीवर लक्ष ठेवायचं, कोणाच्या मापानं आस ठरवायचा, आणि कोणाला रामभरोसे सोडायचं, हे ठरवायची काही पद्धत आहे का? कोणी केलंय का असं कुठं?

भुसावळ_मार्केट

पोऱ्या भाऊ मी तीस वर्षं मासळी घेतोय, सरळ सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. जो मासा गिऱ्हाईक मागतं तोच मासा सांभाळायचा. सकाळी पाटीजवळ येणारा माणूस कटला आहे का म्हणून विचारतो, सतरा जातींचा समतोल मागत नाही. आणि कटला पण दीड-दोन किलोच्या वरचा. तुम्ही लोक अर्धा किलोच्या आतला कटला आणता ना, तो मी घेतो पण चिलापीच्या बरोबरीनं घेतो, मग तुम्हीच म्हणता शेठ लुटतो.

हां एक आहे, मरळ आणि शिंगाळा आला तर तो पाटीवर टिकत नाही. काटे कमी, लेकराबाळांना देता येतो, काळ्या मसाल्याच्या रश्श्यात तर विचारूच नका, बाजूला कळण्याची भाकरी पाहिजे फक्त. कटल्यापेक्षा भाव जास्त मिळतो. पण येतो किती? आठवड्यात चार-दोन नग. त्याच्यावर धंदा होत नाही.

माझं मत, चंदेरा सोडा म्हणजे सिल्व्हर कार्प, भराभर वाढतो, एकच जात, एकच आस, डोक्याला ताप नाही.

चोपडा_ते_दर्या

मी मूळचा चोपड्याचा, मत्स्यशास्त्र रत्नागिरीला शिकलो आणि आता कामही समुद्रावरच, त्यामुळे धरणाच्या बाबतीत तुम्ही लोक मला शिकवाल. पण पोऱ्या, तुझा प्रश्न तुझ्या एकट्याच्या धरणाचा नाहीये. याला मिश्र मासेमारी म्हणतात आणि याच्यावर जगभर डोकी फुटतात, कारण जाळ्याला जात कळत नाही. तू कटल्यासाठी टाकलंस म्हणून शिवडा बाजूनं जात नाही.

युरोपचं सांगतो. तिथं कोटा पद्धत, प्रत्येक जातीचा किती टन पकडायचा ते ठरलेलं. पूर्वी कोटा संपला की तो मासा मेलेलाच पाण्यात परत फेकायचे आणि बाकीचे पकडत राहायचे. मग कायदा केला, २०१५ पासून टप्प्याटप्प्यानं आणि २०१९ ला पूर्ण, की कोटा असलेला मासा फेकायचा नाही, बंदरावर आणायचा आणि कोट्यात मोजायचा. ऐकायला भारी वाटतं ना? झालं काय, की ज्या जातीचा कोटा सगळ्यात आधी संपतो तीच जात बाकी सगळ्यांची मासेमारी बंद पाडते. तिला ते चोक जात म्हणतात, म्हणजे गळा आवळणारी. आयर्लंडच्या दक्षिणेला सेल्टिक समुद्र आहे, तिथला कॉड मासा इतका घटला की शास्त्रज्ञांनी २०२० साठी सल्ला दिला शून्य, एक किलोपण नको. पण हॅडॉक आणि व्हायटिंग हे दुसरे मासे पकडायला गेलं की कॉड येतोच. मग शेवटी चुकून येणाऱ्या कॉडपुरता थोडा कोटा ठेवावा लागला, नाहीतर बाकीच्या बोटी बंदरातच उभ्या राहिल्या असत्या. सांगायचा मुद्दा, सगळ्यात दुबळ्या जातीवर सगळं ठरवलं तर धंदा बसतो, सगळ्यात दणकट जातीवर ठरवलं तर दुबळी जात जाते. मधला रस्ता निवडावाच लागतो.

आपल्या राज्यात पण बघ, २०२३ ला समुद्रातल्या ५४ जातींची किमान मापं ठरवली. पापलेट १३५ मिलीमीटर, बोंबील १८०. ज्या वर्षी पापलेटला राज्यमासा केलं त्याच वर्षी. चांगलं झालं, मी विरोधात नाही. पण पापलेट असतो ताटलीसारखा आणि बोंबील दोरीसारखा, आता एकाच आसातून दोघांची पिल्लं कशी सोडणार सांग. प्रत्येक जातीला वेगळा नियम कागदावर बसतो, पाण्यात तो एकमेकांत गुंततो.

माझ्या मते तुझ्या कामाचं उदाहरण पश्चिम ऑस्ट्रेलियाचं आहे. तिथं तळाजवळच्या डझनावारी जाती एकत्र पकडल्या जातात. सगळ्यांचा अभ्यास करायला पैसा कोणाकडेच नसतो, त्यांच्याकडे पण नव्हता. म्हणून त्यांनी मोजक्या जाती निवडल्या, ध्यूफिश, स्नॅपर, बाल्डचिन ग्रोपर अशा, आणि त्यांच्यावरच बारीक लक्ष ठेवलं. निवडताना सगळ्यात जास्त सापडणारा मासा नाही घेतला, धोका कोणाला जास्त ते बघितलं. ध्यूफिश चाळीस वर्षांच्या आसपास जगतो, सावकाश वाढतो, खोल पाण्यातून वर ओढला की पोट फुगतं, सोडून दिला तरी बऱ्याचदा मरतो. असा मासा तगून आहे म्हटल्यावर त्याच्यासोबतचे बाकीचे बरे असतील असं धरायला जागा आहे.

निवड करायची पद्धत सोपी आहे, वहीत होईल. प्रत्येक जातीला दोन प्रश्न विचार. एक, नुकसान झालं तर ती किती लवकर भरून निघते, म्हणजे किती वयात अंडी घालते, किती घालते, किती वर्षं जगते. दोन, तुमच्या जाळ्यात ती किती सहज सापडते आणि सापडल्यावर जगते का. दोन्हीला १ ते ३ गुण, ३ म्हणजे धोका जास्त. आणि एक महत्त्वाचं, माहिती नसेल तिथं ३ द्यायचे, १ नाही. माहीत नाही म्हणजे ठीकच असेल असं धरायची सवय आपल्याला असते, इथं उलटं आहे.

भुसावळ दादा, चंदेऱ्याचं नको हो. हिमाचलचं गोविंदसागर बघा. १९७१ ला शेजारच्या मत्स्यफार्ममधून पुरात चंदेरा निसटला आणि जलाशयात गेला, पुढं पंधरा-वीस वर्षांत जाळ्यात निम्म्याच्या वर तोच यायला लागला आणि कटला खाली गेला. दोघांचं खाणं वरच्या पाण्यातलं, एकाच ताटात जेवणारे. ज्या माशावर तुमचा धंदा त्याच्याच तोंडचा घास काढायचा का?

भुसावळ_मार्केट

बरं बाबा चंदेरा राहिला. पण कॉड-बिड आमच्या तापीत नाही, ते लक्षात ठेवा.

तापीकाठचा_पोऱ्या

चोपडा दादा भारी समजावलं. काल रात्री वही घेऊन बसलो, सोबत आमचे दोन जुने मच्छीमार. गुण द्यायला गेलो तर पहिल्याच पानावर अडकलो.

चिलापीला भरून निघायच्या बाबतीत १. ती तोंडात अंडी सांभाळते, वर्षातून कितीदा विते कोणाला माहीत, संपवायची म्हटली तरी संपणार नाही. कटल्याला काय द्यायचं यावर अर्धा तास गेला. जाळ्यात सहज येतो म्हणून ३. भरून निघायच्या बाबतीत म्हटलं तर एका मादीत लाखांनी अंडी, पण साचलेल्या पाण्यात तो वीतच नाही, त्याला पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. आमच्या धरणात वरून नदी येते पण तिचं काय होतंय ते आम्हाला दिसत नाही. मग ३ द्यायचे का? पण तो तर आम्ही दरवर्षी सोडतोच.

आणि शिवड्यावरून भांडण. एकानं म्हटलं दोन्हीकडे ३, वाचवा. दुसरा भडकला, म्हणे आम्ही पैसे मोजून बोटुकली सोडायची आणि शिवड्यानं ती खायची, त्यालाच वाचवायचं? कोंबड्याच्या खुराड्यात कोल्हा पाळा मग. मला पण त्याचं पटतंय थोडं, खोटं कशाला बोलू.

शिरपूरचा_काठ

मी बरेच दिवस नुसता वाचत होतो पण आज राहवलं नाही. आमचं गाव तापीवरच, सुलवाडे बॅरेजच्या वरच्या अंगाला. आमच्या घरात तीन पिढ्या जाळं आहे. तुमची पोस्ट मी आमच्या नानांना वाचून दाखवली, वय ऐंशीच्या पुढं, कानानं कमी पण माशाचं नाव घेतलं की सगळं ऐकू येतं. ते अहिराणीत म्हणाले ते जसंच्या तसं लिहितो:

"ओ भो, कटला ईकत भेटस. शिंगाळा कोन दी? तो त्याना खड्डामा बशी पोरेसले सांभाळस, आनि तुम्हीन तठेच जाळं टाकतस." (म्हणजे कटला विकत मिळतो, शिंगाळा कोण देणार? तो त्याच्या खड्ड्यात बसून पोरांना सांभाळतो, आणि तुम्ही तिथंच जाळं टाकता.)

मला वाटतं पोऱ्या भाऊ तुमचं उत्तर याच्यात आहे. तुम्ही कटला आणि शिंगाळा एकाच यादीत लिहिताय तिथं गोंधळ होतोय. कटला म्हणजे बँकेत टाकलेली रक्कम आहे, बीज टाकलं, वाढू दिलं, काढलं, पुढच्या वर्षी परत टाकलं. त्याचं चुकलं तर एका वर्षाचे पैसे बुडतात. शिंगाळा, शिवडा यांची बोटुकली कोणता फार्म तुम्हाला टेम्पोत भरून देतो? आम्ही तरी बघितला नाही. मरळीची मिळते म्हणे आता पण महाग. हे एकदा गेले की गेले.

शिंगाळ्याचं नाना सांगतात ते खरंय, उन्हाळ्याच्या शेवटाला आणि पावसाच्या तोंडाला तो काठाजवळ तळात खड्डा करतो आणि नर तिथंच राखण करत बसतो. नेमकं त्याच वेळी धरणाचं पाणी उतरलेलं असतं. मरळीचं पण तसंच, लालसर पिल्लांचा घोळका वर हवा घ्यायला येतो आणि आईबाप खाली फिरत असतात, पोरं तो घोळका बघूनच बरोबर खाली गळ टाकतात. एक मोठी मासळी मिळते आणि मागं पिल्लांचा घोळका राखणीवाचून, बाकीचे मासे एका दिवसात साफ करतात. मी स्वतः केलंय लहानपणी, आता लाज वाटते.

आणि आस मोठा केला म्हणजे शिंगाळा सुटेल या भरवशावर राहू नका. त्याच्या परांना जे काटे असतात ते कोणत्याही आसात अडकतात. शिवड्याचं तोंड आणि दात तसेच, अंगानं नाही अडकला तर तोंडानं अडकतो. त्यांच्यासाठी आस नाही, जागा राखावी लागते. मे महिन्यात पाणी कुठं कुठं उरतं ते डोह तुम्हाला माहीत असतीलच, सगळा मासा तिथं गोळा होतो, आणि सगळी जाळी पण तिथंच.

पूर्वी खालून मासा वर यायचा असं नाना सांगतात. १९७२ ला खाली गुजरातेत उकाई धरण झालं, नंतर आमच्या भागात प्रकाशा, सारंगखेडा, सुलवाडे असे बॅरेज झाले, शेताला पाणी आलं त्याबद्दल तक्रार नाही, पण माशाची वाट तुकड्या-तुकड्यात झाली. आता ज्या तुकड्यात जे आहे तेवढंच.

चोपडा_ते_दर्या

नानांना माझा दंडवत सांगा. बीज विकत मिळतं की नाही हा प्रश्न माझ्या दोन प्रश्नांत नव्हता कारण समुद्रात बीज कोणी सोडत नाही, पण धरणासाठी हाच पहिला प्रश्न पाहिजे.

पोऱ्या, आता कोल्ह्याचं. शिवडा बोटुकली खातो हे खरंच आहे. पण तुम्ही बोटुकली सोडता किती मोठी? जलाशयात सोडायची तर निदान १०० मिलीमीटरची तरी पाहिजे, आपल्या हाताच्या बोटाएवढी, बोटुकली नाव उगाच नाही पडलं. स्वस्त मिळतात म्हणून नखाएवढी सोडली तर ती शिवडाच काय, वाटेल तो खातो. आणि शिवडा दिवसभर कटलाच शोधत फिरत नाही, त्याला चिलापीची पिल्लं आणि बारीक मासा जास्त सापडतो कारण तोच जास्त आहे. चिलापी इतकी झालीये म्हणता ना, तिची पिल्लं खाणारा धरणात कोण उरलाय ते पण बघा. शिवडा वाढला की चिलापी आटोक्यात येईल अशी गॅरंटी मी देत नाही, तेवढं सोपं नसतं ते.

कटल्यासाठी आस ठरवायचा तो निव्वळ पैशाच्या हिशोबानं. समजा आज ४०० ग्रॅमचे शंभर कटले काढले, ४० किलो झाले. तेच वर्षभर राहू दिले, त्यातले तीस मेले-चोरीला गेले धर, उरलेले सत्तर दीड-दीड किलोचे झाले तर १०५ किलो, आणि वर भुसावळ दादा भाव पण जास्त देणार. हा नियम कटल्याला वाचवायला नाही, तुमच्या खिशाला वाचवायला आहे. दोन वेगळी कारणं आहेत, सभेत वेगवेगळी सांग, नाहीतर लोक म्हणतील माशाची दया आलीये याला.

भुसावळ_मार्केट

देणार ना, दीड किलोच्या कटल्याला भाव देणार. लेखी नको मागू फक्त.

रानवाटा_नंदुरबार

सगळे दादा लोक बोलताय म्हणून मधे बोलते. मी बचत गटाचं काम करते, नंदुरबार आणि अक्कलकुव्याकडे जास्त फिरणं असतं. तुमच्या पूर्ण चर्चेत बारीक माशाला कोणी गुणच दिले नाहीत. पोऱ्या भाऊनी तर पहिल्याच पोस्टमधे लिहिलं की धरूच नका हिशोबात.

तो मासा वहीत येत नाही कारण तो सोसायटीच्या काट्यावर येत नाही. तो बायका काठावरून धरतात, घरी शिजतो, उरला तर उन्हात वाळवतात आणि पावसाळ्यात तोच कालवणाला. आणि तो अख्खा खातात, डोक्यासकट, काट्यासकट. मोठ्या माशाचा एक तुकडा घरातल्या कर्त्या माणसाच्या ताटात जातो, बारीक मासा पोरांच्या ताटात पडतो. कॅल्शियम काट्यात असतं, मोला नावाचा बारीक मासा आहे त्याच्यात तर व्हिटॅमिन ए भरपूर असतं. आमच्याकडे कुपोषणाच्या मीटिंगा होतात तेव्हा सगळे गोळ्या आणि पाकिटांची चर्चा करतात, नदीतल्या माशाचं नाव कोणी घेत नाही.

मी म्हणत नाही की चालटाला राखा. तो लवकर वितो, लवकर वाढतो, त्याला धोका कमी हे मला पण कळतं. पण उद्या तुम्ही कटल्यासाठी बारीक आसावर सरसकट बंदी आणाल ना, तेव्हा पहिली बंदी या बायकांच्या फडक्यावर येईल, सोसायटीच्या जाळ्यावर नाही. तेवढं बघा.

तापीकाठचा_पोऱ्या

ताई चूक झाली माझी. वाक्य कसं लिहिलं गेलं ते मलाच वाचून कळलं. आमच्या घरी पण आई तेच आणते काठावरून आणि मी वहीत शून्य लिहितो.

शिरपूरचा_काठ

ताई बरोबर बोलल्या. आणि याच्यात भांडण नाहीच आहे मुळी. बारीक आस काठावर, कमरेएवढ्या पाण्यात, फडकं आणि फेकजाळं. मोठा कटला तिथं येत नाही. चिलापी पण काठालाच जास्त, तळात गोल खड्डे करून बसते, फेकजाळ्यानं भरपूर निघते. खोल पाण्यात तंगुसाचं, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याचं, जाळं मोठ्या आसाचं. म्हणजे आस जातीवर ठरवायचा नाही, जागेवर ठरवायचा. फक्त बोटुकली सोडल्यावर पहिले काही आठवडे जिथं सोडली तिथल्या काठावर कोणीच जाऊ नये, कारण तेव्हा ती पण तिथंच असते. आणि ओढजाळं बारीक आसाचं असेल तर ते बंदच करा, ते तळ खरवडून आणतं, शिंगाळ्याचा खड्डा, चिलापीचा खड्डा, सगळं एक.

चोपडा_ते_दर्या

हेच मी चार परिच्छेद लिहून सांगितलं असतं, यांनी एका ओळीत सांगितलं. जागेवर ठरवायचा.

पोऱ्या आता लक्ष कोणावर ठेवायचं तेवढं सांगतो. सतरा नको, तीन पुरे. कटला, पैशासाठी, दर आठवड्याला वीस-पंचवीस नगांची लांबी मोज, वजन नाही लांबी, पट्टी होडीवरच ठेव. सरासरी माप उतरत चाललं की समज घाई होतेय. शिंगाळा, न भरून निघणाऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून, किती जाळी टाकली आणि किती नग आले एवढंच लिही. शिवडा इतका कमी आहे म्हणतोस की त्याच्यावरून आकडा कळणारच नाही, चार आले काय नि दोन आले काय, नशिबाचा खेळ. पण दिसला की तारीख आणि जागा लिहून ठेव. तिसरी चिलापी, ती वाढतेय की नाही बघायला. बाकी चौदा जाती सोडून दिल्या असं नाही, पण तुझ्याकडे एकच वही आहे.

एक सावध करतो. शिंगाळा ठीक म्हणजे शिवडा पण ठीक असं नाही. पिल्लं सांभाळणारा वेगळा, पावसात अंडी टाकून निघून जाणारा वेगळा. शिवड्याला आंतरराष्ट्रीय लाल यादीत पण धोक्याच्या वर्गात टाकलंय. एक मासा दुसऱ्याच्या वतीनं किती बोलू शकतो त्याला मर्यादा आहे, ऑस्ट्रेलियावाले पण हे सोडवून बसलेत असं नाही.

केळीचा_घड_रावेर

मासेमारीतलं मला ओ की ठो कळत नाही, केळीवाला माणूस आहे, खायला येतं फक्त. पण डोह राखायचे म्हणताय म्हणून लिहितो. कोकणात रायगड जिल्ह्यात वाळण कोंड म्हणून नदीचा डोह आहे, वरदायिनी देवीचा, तिथं मोठमोठे महसीर आहेत आणि त्यांना कोणी हात लावत नाही. मी गेलो होतो, लोक लाह्या-चुरमुरे टाकतात आणि हाताएवढे मासे उसळ्या मारतात. तिथं पोलीस नाही, पाटी नाही. देवीचा मासा म्हटलं की संपलं.

भुसावळ_मार्केट

रावेरवाले पहिल्यांदा कामाचं बोलले.

तापीकाठचा_पोऱ्या

काल सभा झाली, अपडेट द्यायला पाहिजे म्हणून लिहितोय, झोप आलीये त्यामुळे जसं आठवेल तसं.

आस जागेवर ठरवायचं सगळ्यांना लगेच पटलं, एवढं लगेच की मलाच भीती वाटली. खोल पाण्यात मोठा आस, काठावर फेकजाळं आणि बायकांचं फडकं चालू, बारीक आसाचं ओढजाळं बंद. ते ओढजाळं ज्यांच्याकडे आहे ते दोघं सभेलाच आले नव्हते, त्यामुळे एकमतानं पास झालं, आता पुढं काय होतंय ते त्यांच्या दारात गेल्यावर कळेल. बोटुकली यंदा कमी घ्यायची पण बोटभर मोठी घ्यायची, तेवढ्याच पैशात. यावर एक म्हातारबाबा म्हणाले की नग कमी आले म्हणजे सेक्रेटरीनं पैसे खाल्ले असं होईल, म्हणून मोजायला चार जण येणार आहेत. या, बरं झालं.

कटल्याचा हिशोब फळ्यावर मांडला, ४० किलो आणि १०५ किलो. फळ्यावरचा आकडा बघून शांतता झाली. मग कोणीतरी विचारलं की तीसच मरतील कशावरून, साठ मेले तर? मग साठचा पण मांडला, ४० नग दीड किलोचे, ६० किलो. तरी जास्तच. तिथं तो विषय संपला.

अडलं ते डोहावर. मे महिन्यात तीन ठिकाणी पाणी उरतं, त्यातला एक पूर्ण राखायचा, उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळा सरेपर्यंत जाळं नाही, गळ नाही. मी नानांचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं, शिंगाळा कोन दी. आमच्याकडचे दोन म्हातारे हसले, एकानं डोळे पुसले, तो धूर होता की काय माहीत नाही. चिलापीवाला तट म्हणाला राखा, आम्हाला त्या डोहाशी घेणं नाही. कटलावाल्यांनी कोल्ह्याची गोष्ट परत काढली पण आवाज बारीक होता.

ठराव लिहिला आणि अध्यक्षांसमोर ठेवला. त्यांनी नेहमीप्रमाणे चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि म्हणाले कागदावर सही केली की उद्या कोणीतरी तोच कागद घेऊन तालुक्याला जाईल, अध्यक्षांनी डोह बंद केला म्हणून. सही नको. डोहाच्या काठावर म्हसोबा आहेच, त्याला शेंदूर लावू, नारळ फोडू, आणि सांगू की या वर्षीपासून हा डोह त्याचा.

मी पाच मिनिटं गप्प बसलो. वहीत काय लिहू ते कळेना. शेवटी ठरावाच्या जागी लिहिलं, डोह नंबर दोन म्हसोबाला दिला, सूचक अमुक, अनुमोदक तमुक.

रविवारी सकाळी नारळ आहे. शिरपूरच्या भाऊंनी जमलं तर नानांना घेऊन यावं, गाडीची सोय करतो. भुसावळ शेठ तुम्ही पण या, प्रसादाला कटला आहे, दीड किलोच्या वरचाच. गळ मात्र घरी ठेवून या.